टीपॉयच्या पोटात गेमचा पसारा: झाकण नको, खण करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात कोथरूडमध्ये दोन बेडरूमचा फ्लॅट, हॉलमध्ये वडिलांच्या वेळचा सागवानी टीपॉय. माप ४२ बाय २४ इंच, उंची १७, वरच्या फळीखाली चारी बाजूंनी तीन इंची पट्टी आणि खाली पेपर ठेवायची फळी. मुलांचं प्लेस्टेशन ५ (म्हणजे गेमचा कन्सोल), चार कंट्रोलर, हेडफोन, व्हीआरचा चष्मा, स्टीअरिंग व्हील, पंचवीसेक डिस्क आणि वायरींचं जंजाळ. वरची फळी बिजागरीवर उघडेल अशी करून हे सगळं आत लपवता येईल का, कन्सोलही आतच बसवता येईल का, आणि बाहेरून काहीच कळू नये हे जमेल का?

बरंचसं लपवता येईल. पण झाकण करू नका आणि कन्सोल आत कोंबू नका.

झाकणाची कल्पना सगळ्यांना आधी सुचते, कारण व्हिडिओमध्ये ती फार छान दिसते. त्या व्हिडिओतल्या टेबलावर काहीही ठेवलेलं नसतं. आपल्याकडच्या टीपॉयवर मात्र सकाळी पेपर आणि चहाचे कप, दुपारी निवडायला घेतलेली मेथी, संध्याकाळी चष्मा, रिमोट, फरसाणाची बशी आणि कुणाची तरी औषधं. टीपॉय रिकामा असतो तो फक्त फरशी पुसताना. मुलाला कंट्रोलर हवा असेल तर आधी हे सगळं उचलायचं, मग झाकण उघडायचं, मग परत मांडायचं. तो हे दोन दिवस करेल. तिसऱ्या दिवशी कंट्रोलर सोफ्यावर आणि तुमचं नवं कप्पेदार टेबल रिकामं. लपवलेली जागा वरचं काही न हलवता उघडता आली पाहिजे, म्हणजेच बाजूने. म्हणून खण.

दुसरं कारण वजनाचं. तुमची वरची फळी एक इंच जाडीची असेल तर तिचं वजन साडेदहा किलोच्या आसपास भरेल. ती मागच्या कडेवर बिजागरीने उचलायची तर दोन गॅस पंप लावावे लागतात. त्यांचा जोर न्यूटनमध्ये मोजतात: ६०, ८०, १००, १२०. इतक्या वजनाच्या आणि दोन फूट खोलीच्या झाकणाला १०० चे दोन तरी लागतील, तेही नीट ठिकाणी बसवले तर. कमी पडले तर झाकण बोटांवर आपटतं. जास्त झाले तर झाकण बंद राहत नाही आणि कालांतराने स्क्रू लाकूड घेऊन बाहेर येतात. पुढे येऊन वर उचलली जाणारी लिफ्ट-अप फिटिंग मिळते, तिच्यात आणखी एक भानगड आहे. फळी सोफ्याच्या बाजूला सरकते, तिच्यावर कुणी कोपर टेकलं की हलका टीपॉय पुढे कलतो. त्या फिटिंगसाठी मुळातच जड बुडाचं, पेटीसारखं टेबल लागतं. वडिलांचा चार पायांचा टीपॉय त्यासाठी नाही.

आता मापं. मिस्त्रीला बोलावण्याआधी सगळ्या वस्तू जमिनीवर मांडा आणि प्रत्येकीची जाडी मोजा. लांबी-रुंदी सगळे मोजतात, काम अडतं ते जाडीवर. प्लेस्टेशन ५ चा कंट्रोलर साधारण १६ सेंटिमीटर लांब, साडेदहा रुंद आणि ६६ मिलिमीटर जाड असतो. तुमची पट्टी तीन इंच, म्हणजे ७६ मिलिमीटर. त्यातून वरची मोकळी जागा आणि खणाचं बूड वजा केलं की आत पन्नास-पंचावन्न उरतात. म्हणजे पट्टीच्या उंचीएवढाच खण केला तर कंट्रोलर आत जाईल, पण खण बंद होणार नाही. आत निव्वळ ८० मिलिमीटर उंची हवी.

ती मिळवायची कशी, तर खणाची पेटी पट्टीपेक्षा सव्वा इंच खाली उतरवायची. घाबरू नका, दिसत नाही. सोफ्यावर बसलेल्या माणसाची नजर वरून खाली येते, पट्टीच्या खालच्या कडेवरून तिरपी जाते आणि कडेमागचा इंचभर भाग तिला दिसतच नाही. अट एकच: पेटी पट्टीला चिकटून नको, पाऊण इंच मागे हवी. पेटीला बाहेरून काळपट रंग दिला की लांबच्या खुर्चीवरूनही फक्त सावली दिसते.

दर्शनी भाग कसा करायचा, यावर या कामाचं यश आहे. नवीन लाकडाचा दर्शनी तुकडा लावू नका. चाळीस वर्षांच्या सागवानाचा रंग नव्या पट्टीला कुठल्याही पॉलिशने येत नाही, दिवसाउजेडी फरक कळतोच. त्यापेक्षा सोफ्याकडची जी पट्टी आहे तीच कापायची आणि तोच तुकडा खणाचा चेहरा म्हणून परत तिथेच बसवायचा. लाकडाच्या शिरा डावीकडून उजवीकडे सलग चालू राहतात आणि कापलेली जागा बघणाऱ्याला रेघेसारखी वाटते.

टीपॉय उलटा करून जाड गोधडीवर ठेवा. दोन्ही टोकांना पायांजवळ दोन-दोन इंच पट्टी सोडायची, कारण तिथे पायाच्या खाचेत पट्टीचं कुसू बसलेलं आहे. त्या सांध्याला हात लावायचा नाही. मध्ये ३२ इंचांचा तुकडा मिळतो. दोन उभे काप बारीक दातांच्या हातकरवतीने, गुण्या लावून. वरचा आडवा काप फळीपासून चार सूत सोडून, म्हणजे अर्ध्या इंचाची पट्टी वर तशीच राहते. हा काप मशीनने करायचा, पण गोल पातं कोपऱ्याच्या पुढे जातं हे मिस्त्रीला आधी सांगा. कोपऱ्यापासून इंचभर अलीकडे थांबून उरलेलं हाताने. दर्शनी बाजूला कापाच्या रेषेवर मास्किंग टेप लावली तर लाकडाच्या चिरफळ्या उडत नाहीत. पात्याची जाडी जितकी कमी तितकी पुढे फट कमी. अर्ध्या सुताची फट झाली तर ती नेमकी खण सरकायला लागते तेवढीच. कापण्याआधी तुकड्याच्या मागच्या बाजूला बाण काढून ठेवा. डावा कुठला आणि वरचा कुठला, हे नंतर आठवत नाही.

एवढी पट्टी काढली की टीपॉय त्या बाजूने अशक्त होतो. वर सोडलेल्या अर्ध्या इंचाच्या पट्टीच्या मागून, आडवी पडलेली दोन इंच रुंद, १२ मिलिमीटर जाडीची सागवानी पट्टी फेविकॉल आणि स्क्रू मारून पक्की करायची. खालची पेपरची फळी पायांना बांधून ठेवतेच, ती जागेवर राहू द्या.

आणि हे मिस्त्रीला दोनदा सांगा: वरच्या फळीला काहीही ठोकायचं नाही. सागवान फार कमी हलतो, पण हलतो. आपल्याकडे मे महिन्याच्या सुकाट्यात आणि जुलै-ऑगस्टच्या ओलाव्यात दोन फुटी फळीच्या रुंदीत दोन-तीन मिलिमीटरचा, म्हणजे सुताचा फरक सहज पडतो. फळी आणि खण एकमेकांना जखडले तर एक तर फळी चिरते नाही तर पावसाळ्यात खण अडतो. खणाच्या चॅनलसाठी, म्हणजे खण ज्यावर सरकतो त्या पट्ट्यांसाठी, दोन बाजूंना १८ मिलिमीटर प्लायच्या उभ्या फळ्या लागतील. त्या पुढच्या पट्टीच्या उरलेल्या तुकड्यांना आणि मागच्या पट्टीला धरून ठेवा आणि फळीखाली एक सूत मोकळं सोडा.

पेटीला १२ मिलिमीटरचा प्लाय पुरे, बूड ६ मिलिमीटरचं, खोबणीत बसवलेलं. ग्रेड विचारला तर बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणारा) सांगा, आयएस ३०३ चा शिक्का बघून. आयएस ७१० चा मरीन प्लाय स्वयंपाकघरातल्या सिंकखाली लावतात, इथे तो लावणं म्हणजे उगाच खर्च. चॅनल टेलिस्कोपिक, पूर्ण बाहेर येणारा, १८ इंची. त्याला दोन्ही बाजूंना चार-चार सूत लागतात. ३२ इंचांतून ते एक इंच आणि प्लायचा एक इंच गेला की आत ३० इंच, म्हणजे ७६ सेंटिमीटर रुंदी उरते. खोली ४३ सेंटिमीटर.

यात काय मावतं ते बघू. डिस्कच्या डब्या उभ्या राहणार नाहीत, त्या साडेतेरा सेंटिमीटर रुंद असतात. आडव्या टाकायच्या. एक डबी १४ मिलिमीटर जाड, म्हणजे पाचांची चवड सात सेंटिमीटरची. पंचवीस डब्यांच्या पाच चवडी मागच्या बाजूला ओळीने लावल्या तर साडेसदुसष्ट सेंटिमीटर रुंदी आणि १७ खोली जाते. पुढे २६ सेंटिमीटर खोलीचा पट्टा उरतो. त्यात मधोमध चार कंट्रोलर दोन-दोनच्या ओळीत, ३२ बाय २२. एका बाजूला हेडफोन, दुसऱ्या बाजूला वायरींचा कप्पा. वायरी गुंडाळून वेल्क्रोच्या पट्टीने बांधा, रबरबँड नको. तो उन्हाळ्यात वितळून वायरीला चिकटतो.

हेडफोनची एक खोच आहे. कानाच्या वाट्या वळून सपाट होत असतील तरच तो ८० मिलिमीटरमध्ये बसतो. वळत नसतील तर तो या खणात नाही. व्हीआरचा चष्माही नाही, त्याची जाडी दहा सेंटिमीटरच्या घरात जाते. खालच्या फळीवर, खणाच्या बुडाखाली सहा इंच जागा उरते. तिथे प्लायचा साडेपाच इंच उंचीचा उघडा ट्रे करा, सोफ्याकडच्या बाजूला टीपॉयच्याच रंगाची पट्टी, तळाशी बूच किंवा फेल्ट, म्हणजे फळीवर सरकवून ओढता येतो. चष्मा काचा खाली करून ठेवायचा. तुमचा टीपॉय बाल्कनीच्या दाराजवळ असेल तर हे विशेष बघा, कारण व्हीआरच्या भिंगांवर थेट ऊन पडलं तर ते आत एकवटून स्क्रीन जाळतं. आणि स्टीअरिंग व्हीलचं नाव काढू नका. ते २७ सेंटिमीटरच्या आसपास असतं, वर पायाचे पेडल वेगळे. त्याला बेडखालची पेटी किंवा माळा.

हँडल लावायचं नाही म्हटलं की मिस्त्री पुश-टू-ओपन सुचवतात: दाबलं की खण बाहेर. टीपॉयला ते नको. सोफ्यावरून उठताना प्रत्येकाचा गुडघा टीपॉयला लागतो, आणि मग नेमका पाहुण्यांसमोर खण आपोआप बाहेर येतो. त्यापेक्षा पेटी पाऊण इंच मागे ठेवली आहे ना, त्या जागेचाच उपयोग करा. दर्शनी तुकडा आणि पेटी यांच्यात फक्त वरच्या भागात पट्टी द्या, खालचा इंचभर भाग मोकळा राहू द्या. दर्शनी तुकड्याच्या खालच्या कडेला आतून राउटरने, म्हणजे लाकूड कोरायच्या मशीनने, गोलवा मारला की चार बोटं खालून जातात आणि खण ओढला जातो. ज्याला माहीत आहे त्यालाच सापडतं. सॉफ्ट-क्लोज चॅनल घेतलात तर बंद होताना आवाज येत नाही आणि बोटही चेमटत नाही; लहान मूल घरात असेल तर ते जास्तीचे पैसे द्याच.

आता कन्सोल. प्लेस्टेशन ५ खेळताना दोनशे वॉटच्या आसपास वीज खातं आणि त्यातली जवळजवळ सगळी उष्णता होऊन मागून बाहेर पडते. भिंतीपासूनसुद्धा दहा सेंटिमीटर लांब ठेवा असं सोनीच सांगते. शिवाय त्याची उंची किंवा रुंदी, कशीही ठेवा, या ८० मिलिमीटरमध्ये बसत नाही. कुणी म्हणेल पंखा लावू, भोकं पाडू. पंखा धूळ ओढतो, भोकं टीपॉयची शोभा घालवतात, आणि टीव्हीपर्यंत एचडीएमआयची वायर हॉलच्या मधून जाते. कन्सोल टीव्हीखाली उघड्यावर राहू द्या. त्याची लाज वाटण्यासारखं काही नाही.

चार्जिंगही तिथेच. टीपॉय ही हलणारी वस्तू आहे. रोज पुसायला सरकतो, गणपतीत तर हॉलबाहेर जातो. त्याच्या पोटात २३० व्होल्टचा एक्सटेन्शन बोर्ड बसवला की वायर कार्पेटखालून जाते, तिच्यावरून माणसं चालतात आणि आवरण कुठे झिजलं ते कळत नाही. बंद, फोम लावलेल्या खणात लिथियमची बॅटरी चार्ज करणं तर मुळीच नको. रात्री कंट्रोलर कन्सोलला लावा, सकाळी खणात. जो कंट्रोलर महिनोन्‌महिने वापरात नाही तोही अधूनमधून चार्ज करा, पूर्ण उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली तर मरते.

आतलं अस्तर म्हणून दुकानदार मखमल दाखवतील. दिसते छान, पण केस आणि धूळ धरते, आणि कंट्रोलरवरच्या, अंगठ्याने फिरवायच्या काड्यांच्या फटींत तिचे धागे जातात. गादीचा पिवळा फोमही नको, दमट हवेत चार-पाच वर्षांत त्याचा भुगा होतो. चपलांच्या तळव्यासाठी वापरतात ती ईव्हीए शीट आणा, १० मिलिमीटरची. कंट्रोलरचा आकार कागदावर उमटवून धारदार कटरने खाचा कापल्या की प्रत्येक वस्तूची जागा ठरते, आणि एक नसेल तर लगेच कळतं. मात्र खाचेखाली शीटचा जाड थर उरवू नका, उंचीचा हिशोब बिघडतो.

पावसाळ्यासाठी सिलिका जेलच्या दोन-तीन पिशव्या टाका, रंग बदलणाऱ्या. रंग बदलला की ओव्हनमध्ये हलक्या आचेवर वाळवून परत वापरता येतात. डांबरगोळ्या मात्र चुकूनही नाही. आपल्याकडे कुठलाही बंद खण दिसला की आजी त्यात डांबरगोळी टाकते. तिच्या वाफेने काही प्लास्टिक मऊ पडतं, चिकट होतं, आणि तो वास हेडफोनच्या गादीतून पुढे कधीच जात नाही. कडुलिंबाचा वाळलेला पाला टाकायचा असेल तर फडक्यात बांधून, चुरा फटींत जायला नको.

पॉलिश फक्त कापलेल्या कडांना लागेल. सगळा टीपॉय घासून नवा करू या, असं मिस्त्री म्हणेल, नाही म्हणा. जुन्या पॉलिशचा रंग गेला की तो परत येत नाही. कडा १८० आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या घासून, फडक्याने लाखेचं पॉलिश दोन-तीन हात. पेटीच्या आतून मेलामाइनचं पॉलिश मारलं तर निदान आठवडाभर खण पूर्ण उघडा ठेवा. वास जाईपर्यंत आत काही ठेवायचं नाही, हेडफोनचा स्पंज तो वास शोषून घेतो.

सामानासाठी प्लाय आणि सागवानी पट्टी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटला, फिटिंग रविवार पेठेत बोहरी आळीच्या बाजूला. पट्टीचा तुकडा कापताना फुटलाच, तर जुन्या वाड्यांचं पाडकामाचं सागवान विचारा, नव्यापेक्षा ते रंगाला जवळ जातं. चॅनल घेताना दुकानातच डबा उघडून पूर्ण ओढून बघा. गोट्या खडखडत असतील तर दुसरा जोड मागा. ब्रँड बदलला की चॅनलची जाडी एखाद्या सुताने इकडेतिकडे होते आणि खणाची रुंदी त्यावरच ठरते. म्हणून चॅनल आधी घरी आणा, कॅलिपरने मोजा, आणि ते माप पट्टीवर पेन्सिलने लिहिल्याशिवाय मिस्त्रीला करवत हातात घेऊ देऊ नका.